शेंगेनचं स्वस्त डिझेल आम्हाला किती महाग पडलं

"ॲव्हरेज किती देते?"

आइंडहोव्हनला भाड्याच्या गाड्यांच्या आवारात उभ्या असलेल्या पांढऱ्या डुकाटोला, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या कॅम्परव्हॅनला, एक प्रदक्षिणा घालून बाबांनी पहिला प्रश्न हा विचारला. चाव्या देणाऱ्या डच मुलीला मी भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, शंभर किलोमीटरला साधारण दहा लिटर. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या डेपोत झाली. तिथं सगळा हिशेब केपीटीएलचा, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर. त्यांनी क्षणभर वर पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे दहा लिटरला शंभर. लालपरीच्या दुप्पट. चालतंय." लगेच खिशातून वही निघाली.

ही नोंद त्या वहीच्या आधारानं लिहिते आहे. युरोपात कॅम्परव्हॅन घेऊन फिरायचं ठरलं की ओळखीतला प्रत्येक जण एक सल्ला हमखास देतो: अमुक देशात डिझेल स्वस्त आहे, तिथंच टाकी फुल्ल करा. आम्ही तो सल्ला मनावर घेतला होता. शेवटी हातात काय राहिलं ते खाली आहे.

प्रवास ऑगस्ट २०२४ चा. आई, बाबा, नवरा आणि मी. चौदा दिवस, २,५१३ किलोमीटर. नेदरलँड्समधून बेल्जियम, लक्झेंबर्ग, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटलीतलं गार्डा सरोवर, तिथून ब्रेनर घाटानं ऑस्ट्रिया आणि जर्मनीतून परत. गाडी डिझेलची, टाकी ७५ लिटरची. करार नेहमीचा: भरलेली घ्या, भरलेली परत द्या.

भाव वेगळे का

नवऱ्यानं निघण्याआधी एक्सेलमध्ये तक्ता केला होता. युरोपीय आयोग दर आठवड्याला सगळ्या सदस्य देशांतले पंपावरचे सरासरी भाव जाहीर करतो, त्यावरून. तक्त्यात सगळ्यात वर हिरव्या रंगात लक्झेंबर्ग होतं.

बाबांना यात काही नवल वाटलं नाही. कोल्हापूरकडचा माणूस. कोगनोळीचा नाका ओलांडला की कर्नाटकातल्या पंपांवर एमएच ०९ च्या गाड्यांची रांग का असते हे त्यांना कुणी शिकवायला नको. डिझेल तेच, फरक कराचा. इथंही तसंच आहे. युरोपीय संघानं डिझेलवर लिटरला किमान ३३ सेंट अबकारी कर बंधनकारक केलाय, पण वर किती लावायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं. जर्मनी तेव्हा ४७ सेंट घेत होती, इटली जवळजवळ ६२. वर मूल्यवर्धित कर: लक्झेंबर्गमध्ये १७ टक्के, जर्मनीत १९, ऑस्ट्रियात २०, नेदरलँड्समध्ये २१, इटलीत २२. स्वित्झर्लंड संघाबाहेर, तिथं तर डिझेल पेट्रोलपेक्षाही महाग.

बाबांनी मनातल्या मनात रुपये केले. दीड युरोला काही सेंट वर म्हणजे लिटरला दीडशेच्या घरात, तेव्हा महाराष्ट्रात नव्वदच्या आसपास होतं. त्यानंतर त्यांनी रुपये करणं सोडून दिलं. म्हणाले, झोप लागायची नाही.

शेंगेन

पहिल्या दिवशी मास्ट्रिख्ट, लिएज, आर्डेनच्या टेकड्या आणि संध्याकाळी लक्झेंबर्ग. तिथं एक सोय आहे: इंधनाचा कमाल भाव सरकार ठरवतं आणि बहुतेक पंप त्याच भावानं विकतात, हायवेवरसुद्धा. म्हणजे स्वस्त पंप शोधत फिरायला नको. आम्ही शेंगेन निवडलं, कारण आई-बाबांच्या पासपोर्टवर ज्याच्या नावाचा व्हिसा होता ते गाव त्यांना बघायचं होतं. मोझेल नदीकाठचं काहीशे वस्तीचं गाव. १४ जून १९८५ ला पाच देशांनी इथं नदीतल्या एका बोटीवर बसून आपसातल्या सीमा खुल्या करायचा करार केला. व्हिसासाठी मुंबईत दोन चकरा मारलेल्या आईनं गाव बघून एवढंच विचारलं, "एवढंसंच?"

द्राक्षांचे मळे, नदी, नदीपलीकडे जर्मनी आणि रस्त्याला लागून पंप. बहुतेक गाड्यांच्या नंबरप्लेटा जर्मन आणि फ्रेंच. भाव १.४२ युरो. बाबांनी पावती घेतली, वहीत लिहिलं: ३१० किमी, ३१.५ लिटर, ४४.७३ युरो.

मग पेन तसंच धरून ते बघत राहिले. "टाकी पंच्याहत्तरची आणि बसलं एकतीसच?"

बरोबर होतं. सकाळी आइंडहोव्हनहून टाकी काठोकाठ भरूनच तर निघालो होतो. स्वस्त पंपावर पोहोचताना टाकी रिकामी असेल तरच तिथल्या भावाचा उपयोग, आणि भाड्याची गाडी पहिल्या दिवशी कधीच रिकामी नसते. इतकी साधी गोष्ट, पण तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता.

त्याहून मोठी चूक बाबांनी तिसऱ्या दिवशी रात्री काढली. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "जावईबापू, शेंगेनला न जाता सरळ आलो असतो तर किती पडलं असतं?" सरळ म्हणजे कोलोन, फ्रँकफर्टवरून फ्रायबुर्ग. नकाशात बघितलं तर आमची वाट शंभर किलोमीटरहून थोडी जास्तच वाकडी झाली होती. ११० धरू. गाडी शंभराला दहा लिटर पिते, म्हणजे ११ लिटर. जर्मनीतल्या भावानं १७ युरो.

आणि वाचवले किती? जर्मनीत संध्याकाळी १.५७-१.५८ ला मिळणारं डिझेल आम्ही १.४२ ला घेतलं. लिटरमागे १६ सेंट, ३१.५ लिटरला ५ युरो.

पाच युरो वाचवायला सतरा घातले. गाव बघितलं त्याचं दुःख नाही, पण ते डिझेलच्या रकान्यात मांडायला नको होतं.

वाकडी वाट किती परवडते याचं गणित त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर झालं. किती लिटर बसणार गुणिले भावातला फरक, भागिले आपल्या गाडीचा किलोमीटरचा खर्च. आमची गाडी किलोमीटरला साधारण १५.७ सेंट खाते. त्यामुळे ३१.५ लिटरसाठी एकूण ३२ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन; एका बाजूला सोळाच. टाकी खडखडीत असती आणि ६५ लिटर बसलं असतं तरी एकूण ६६. जर्मनीत सीमेजवळच्या ट्रियरमध्ये राहणाऱ्यानं खुशाल लक्झेंबर्गला जावं, त्याला ते दहा-पंधरा किलोमीटर. आइंडहोव्हनहून फ्रान्समधल्या अल्सासला निघालेल्यालाही ते वाटेवरच पडतं. आमच्यासाठी ते नव्हतं.

घड्याळ

देश बदलून जे मिळालं नाही ते घड्याळ बघून मिळालं.

जर्मनीत तेव्हा, २०२४ मध्ये, पंपाचा भाव दिवसातून कितीतरी वेळा बदलायचा. २०१३ पासून पंपांना प्रत्येक बदल सरकारी यंत्रणेला लगेच कळवावा लागतो, म्हणून क्लेव्हर टँकनसारख्या ॲपवर त्या क्षणाचा भाव दिसतो. ढोबळ नियम असा होता की सकाळी कामावर जायच्या वेळी सगळ्यात महाग आणि संध्याकाळी स्वस्त. फ्रायबुर्गजवळ रात्री पावणेआठला आम्ही १.५७ नं भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेड आणायला त्याच पंपावरून चालत गेले तर बोर्डावर १.६८. पंप तोच आणि रात्रीत अकरा सेंट. लक्झेंबर्गच्या सोळाला हे फारसं कमी नाही आणि यासाठी एक किलोमीटरही वाकडं जावं लागत नाही.

ऑस्ट्रियात याचं रूप आणखी गमतीचं. तिथं तेव्हा, २०११ पासूनच्या नियमानं, पंपांना भाव दिवसातून एकदाच वाढवता यायचा, दुपारी बाराला. कमी मात्र केव्हाही करता यायचा. त्यामुळे बाराच्या आधीचा तास सगळ्यात स्वस्त. इन्सब्रुकला आम्ही पावणेबाराला पोहोचलो, पुढे सहा गाड्या. बाबा गाडीतून उतरून घड्याळ बघत फेऱ्या मारायला लागले, डेपोतून शेवटची मुक्कामी गाडी सुटायची असल्यासारखे. आमचा नंबर अकरा छप्पन्नला आला. ६२ लिटर जायला वेळ लागतो. नोझल धरून माझा हात भरून आला आणि आकडा ६२ वर पोहोचून खटका पडला तेव्हा दोनच मिनिटं उरली होती. पैसे देऊन बाहेर आले तर बोर्डावरचे आकडे बदलले होते: १.५३ चे १.६२. मागच्या गाडीवाल्यानं खांदे उडवले. त्या चार मिनिटांचे साडेपाच युरो.

झिरो बघ गं

स्वित्झर्लंडमध्ये एक थेंबही भरला नाही. ती एक गोष्ट तक्त्याप्रमाणे झाली. फ्रायबुर्गला भरलेली टाकी लाउटरब्रुनेनचे धबधबे, आणि गोटहार्डचा १७ किलोमीटरचा बोगदा करून इटलीत कोमोला उतरली. फक्त हायवेच्या टोलचा स्टिकर ४० फ्रँकचा, आणि तो वर्षाचाच मिळतो, तुम्ही तीन दिवस राहा नाहीतर तीनशे. डिझेलवर आम्ही चौदा दिवसांत जेवढं वाचवू पाहत होतो त्याहून तो एकटाच महाग.

बेर्गामोच्या पुढे ६१५ किलोमीटर झाले आणि लाल दिवा लागला. आम्ही ए-४ वर, डावी-उजवीकडे ट्रक, आईला बाथरूमला जायचं होतं. पहिलाच हायवेवरचा पंप दिसला तिथं गाडी घातली. गणवेशातला एक माणूस हसत पुढे आला, झाकण उघडून नोझल लावलं आणि काचही पुसायला लागला.

बाबा खूष. पाच देश झाले, कुठं पंपावर माणूस दिसला नव्हता. सगळीकडे आपलं आपण भरायचं याचं त्यांना वाईट वाटायचं. "बघ, इथं माणूस आहे. झिरो बघ गं," असं मला ओरडून सांगून ते त्या माणसाशी खुणांनी बोलायला लागले. मी झिरो बघितला. झिरो बरोबर होता. झिरोशेजारचा भाव मात्र बघितला नाही.

इटलीत एकाच पंपावर दोन भाव असतात. 'सेल्फ' म्हणजे आपण भरायचं आणि 'सेर्विटो' म्हणजे माणूस भरून देणार. सेर्विटोला लिटरमागे पंधरा-वीस सेंट जास्त, आणि हायवेवर असाल तर त्यावर आणखी. पाटीवर दोन्ही आकडे असतात, मोठ्या अक्षरात लिहिलेले. ३० लिटर झाल्यावर माझी नजर मीटरवर गेली: १.९९. मी "स्टॉप, स्टॉप" म्हणाले तेव्हा ५९.७० युरो झाले होते. त्या माणसाची काहीच चूक नाही, त्याच्या रांगेत गाडी आम्ही लावली होती.

दुसऱ्या दिवशी गार्डाजवळ गावातल्या एका बिनब्रँडच्या पंपावर तेच डिझेल सेल्फमध्ये १.६३ ला होतं. हायवेवर घेतलेल्या ३० लिटरमागे ३६ सेंट, जवळजवळ ११ युरो गेले. इथं आम्ही मुद्दाम १५च लिटर घेतलं. ऑस्ट्रियापर्यंत पोहोचायला एवढं पुरे होतं आणि टाकी रिकामी घेऊन ऑस्ट्रियात शिरायचं होतं. शेंगेनला जे उलटं केलं होतं ते इथं सुलटं केलं. पाटीवर 'गॅसोलिओ' वाचून आई घाबरली, तिला ते गॅसोलिन म्हणजे पेट्रोल वाटलं. गॅसोलिओ म्हणजे डिझेलच. शंका आली तर अक्षरं न वाचता नोझलजवळचं चिन्ह बघावं. २०१८ पासून युरोपभर एकच पद्धत आहे: चौकोनात बी-७ म्हणजे डिझेल, वर्तुळात ई-५ किंवा ई-१० म्हणजे पेट्रोल.

त्या पंपावर माणूस नव्हता, फक्त यंत्र. कार्ड घातल्यावर यंत्रानं २४ युरो ४५ सेंट कापण्याआधी शंभराहून जास्त रक्कम अडवून ठेवली. अशा पंपांवर हे होतंच. कार्डाची मर्यादा बेताची असेल आणि दिवसात दोनदा भरायचं असेल तर अडचण होते.

वहीतला हिशेब

शेंगेन: ३१.५ लिटर, १.४२ नं, ४४.७३ युरो
फ्रायबुर्गजवळ, रात्री: ३४.२ लिटर, १.५७ नं, ५३.६९
इटली, हायवे: ३० लिटर, १.९९ नं, ५९.७०
गार्डाजवळ: १५ लिटर, १.६३ नं, २४.४५
इन्सब्रुक, बाराच्या आत: ६२ लिटर, १.५३ नं, ९४.८६
जर्मनी, परतीला, संध्याकाळी: ४६ लिटर, १.५५ नं, ७१.३०
डच सीमेच्या अलीकडे: २४.५ लिटर, १.५६ नं, ३८.२२
आइंडहोव्हन, गाडी देताना: ६ लिटर, १.६७ नं, १०.०२

एकूण २४९.२ लिटर, ३९७ युरो. शंभराला ९.९ लिटर. त्या डच मुलीनं सांगितलेलं ॲव्हरेज बरोबर निघालं, याचं बाबांना विशेष कौतुक.

आता तुलना. काहीही शोधलं नसतं आणि सगळं डिझेल आइंडहोव्हनच्या, म्हणजे घराजवळच्या, १.६७ या भावानं घेतलं असतं तर ४१६ युरो झाले असते. म्हणजे आठ ठिकाणी थांबून, तक्ता करून, ॲप बघून वाचले १९ युरो. त्यातून शेंगेनच्या वाकड्या वाटेचे १७ वजा करा. उरले दोन. गार्डाकाठी ऑगस्टात दोन कॉफीसुद्धा त्यात कशाबशा येतात.

दुसरी तुलना माझ्या मते खरी. सगळं डिझेल फक्त हायवेवरच्या पंपांवर घेतलं असतं तर? आम्ही वाटेत बघितलेल्या बोर्डांवरून सरासरी १.९५ धरली, तर ४८६ युरो. ३९७ च्या मानानं ८९ युरोंचा फरक. जर्मनीच्या ऑटोबानवर आणि एक्झिट घेऊन दोन किलोमीटरवरच्या गावात तीस-चाळीस सेंटचा फरक सहज सापडतो, तोही एकाच देशात. फ्रान्समध्ये तर सुपरमार्केटच्या आवारातले पंप यासाठीच प्रसिद्ध आहेत, गिऱ्हाईक दुकानात यावं म्हणून ते डिझेलवर फार कमवत नाहीत.

आणि तिसरी गोष्ट, जी तक्त्यात कुठंच नव्हती. कार्ल्सरूहेच्या पुढे ए-५ वर नवऱ्यानं तासभर १२० ठेवला. समोरच्या पडद्यावर शंभराला १२ लिटर दिसायला लागलं. परतीला इन्सब्रुकनंतर मी ९५ ते १०० च्या वर गेले नाही, तर ४८० किलोमीटरला ४६ लिटर लागलं, म्हणजे ९.६. अडीच मीटर उंच, पुढून भिंतीसारखी सपाट गाडी. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि डुकाटोला तो चांगलाच जाणवतो. शंभर किलोमीटरमागे २.४ लिटर, पावणेचार युरो. लक्झेंबर्गच्या भावानं शंभर किलोमीटरमागे फक्त १.६० युरो वाचतात. वेळ किती गेला? शंभर किलोमीटरला दहा मिनिटं.

"डेपोत तेच सांगायचो ड्रायव्हरांना," बाबा म्हणाले. "पंप बदलून केपीटीएल वाढत नाही."

नवऱ्याला हे तितकंसं पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, शेंगेन वगळलं आणि इटलीत झिरोऐवजी भाव बघितला असता तर पंचवीस युरो नक्की वाचले असते आणि ते काही थोडके नाहीत. आकड्यानं तो चूक नाही: १९ अधिक ११, वजा शेंगेनच्या भावात वाचलेले ५. पण ते पंचवीस मिळवून देणारे निर्णय कोणते ते बघितलं तर त्यात 'कुठल्या देशात' याचा वाटा फक्त इन्सब्रुकचा, आणि तोही अर्धा घड्याळाचा.

शेवटचे सहा लिटर डच भावानंच घ्यावे लागले. सीमेपासून साठ किलोमीटर चालवल्यावर काटा अजून 'फुल्ल'वरच होता, तसंच देऊन टाकू असं नवरा म्हणत होता. पण करारात परतीच्या जागेजवळच्या पंपाची पावती मागितली होती, नाहीतर भरण्याचा वेगळा आकार. बाबांनी ती पावती स्वतः त्या मुलीच्या हातात दिली, तिनं काट्याकडे नजर टाकली आणि खूण केली. इटलीतल्या यंत्रानं अडवलेले पैसे तोवर सुटले नव्हते. ते नऊ दिवसांनी सुटले. बाबा तेव्हा परत गेले होते, त्यांना फोन करून सांगितलं तेव्हा त्यांनी वही आणायला लावली आणि पेन्सिलीनं लिहिलेली ती ओळ खोडून घेतली.